रंगाच्या टाक्या, तीन सेन्सर आणि एक क्लास: लॅबव्ह्यूमध्ये ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची सुरुवात

सोलापुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या, किंवा अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींत देखभालीचे काम पाहणाऱ्या अनेकांची लॅबव्ह्यू या चित्रमय प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरशी ओळख मोजमापाच्या एखाद्या प्रयोगापुरती झालेली असते. त्याच मंडळींनी सी++ किंवा जावा दुसऱ्या एखाद्या विषयात शिकलेली असते आणि क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स हे शब्द त्यांना परिचयाचे असतात. मात्र वायरी जोडून लिहिल्या जाणाऱ्या भाषेतही क्लास असतात, आणि ते जावामधील क्लासपेक्षा एका मूलभूत बाबतीत वेगळे वागतात, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात एक छोटा प्रकल्प पायरीपायरीने उभा करून हा फरक दाखवला आहे. लॅबव्ह्यूमध्ये व्हीआय (म्हणजे एक कार्यक्रम किंवा उपकार्यक्रम) तयार करणे, लूप आणि केस स्ट्रक्चर वापरणे, क्लस्टर बांधणे एवढे येत असल्यास तो पुरेसा समजेल. कोणतेही हार्डवेअर लागणार नाही.

उदाहरण म्हणून शहराच्या पूर्व भागातील एखादा सूत रंगवण्याचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवू. चादर आणि टॉवेलसाठी लागणारे सूत रंगवताना टाकीतील पाण्याचे तापमान ठरलेल्या मर्यादेत राहावे लागते. रिॲक्टिव्ह रंगांपैकी काहींना 60 अंश सेल्सिअसच्या आसपास, तर काहींना 80 अंशांच्या आसपास तापमान लागते, आणि त्यात चूक झाली तर एका घाण्याचा रंग दुसऱ्या घाण्याशी जुळत नाही. आपल्या कल्पित कारखान्यात तीन टाक्या आहेत. वेगवेगळ्या वेळी खरेदी झाल्यामुळे पहिल्या टाकीवर के प्रकारचा थर्मोकपल (तापमानानुसार व्होल्टेज देणारा), दुसरीवर पीटी-100 (तापमानानुसार रोध बदलणारा) आणि तिसरीवर 4 ते 20 मिलिअँपिअर प्रवाह देणारा ट्रान्समीटर आहे. तिन्हींचे तापमान एकाच पडद्यावर दिसावे, एवढेच आपले काम आहे.

थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेतील ऑस्टिन येथील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने लॅबव्ह्यूची पहिली आवृत्ती 1986 मध्ये मॅकिंटॉशसाठी काढली. त्यातील चित्रमय भाषेला जी असे म्हणतात. या भाषेत क्लास आले ते 2006 मधील 8.20 या आवृत्तीत, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी, आणि इंटरफेस त्याहून उशिरा, 2020 च्या आवृत्तीत. त्यामुळे जुन्या प्रयोगपुस्तिकांत या विषयाचा उल्लेख सापडला नाही तर नवल वाटू नये. 2020 मध्येच कम्युनिटी एडिशन नावाची मोफत आवृत्तीही आली. वैयक्तिक आणि अव्यावसायिक वापरासाठी ती चालते, त्यामुळे घरी सराव करण्यास ती पुरेशी आहे. कारखान्यात प्रत्यक्ष बसवण्याच्या कामासाठी मात्र रीतसर परवाना घ्यावा लागतो.

शाळेत स्क्रॅच वापरलेल्यांना वाटेल की चित्रमय भाषेतील ऑब्जेक्ट आपण पूर्वीच पाहिले आहेत. ते अर्धे खरे आहे. स्क्रॅचमधील प्रत्येक स्प्राइटला स्वतःचे चल आणि स्वतःच्या आज्ञा असतात, आणि 2013 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्याचे क्लोनही करता येतात. तथापि तेथे क्लास ही स्वतंत्र गोष्ट नाही, एका स्प्राइटने दुसऱ्याकडून गुण वारशाने घेण्याची सोयही नाही. लॅबव्ह्यूमध्ये या दोन्ही गोष्टी पूर्णपणे आहेत.

पहिली पायरी: क्लास न वापरता काम करून पाहावे

नवशिक्याने थेट क्लास बनवायला घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आधी नेहमीच्या पद्धतीने एक व्हीआय लिहावी. सेन्सरचा प्रकार सांगणारा एक एनम, म्हणजे ठरलेल्या नावांची यादी, घ्यावा आणि तो केस स्ट्रक्चरला जोडून तीन केसेस कराव्यात. पीटी-100 चा रोध शून्य अंशाला 100 ओहम असतो आणि दर अंशाला सुमारे 0.385 ओहमने वाढतो, म्हणून रोधातून 100 वजा करून 0.385 ने भागले की तापमान मिळते. ट्रान्समीटर 0 ते 150 अंशांसाठी लावलेला आहे असे मानले, तर मिलिअँपिअरमधून 4 वजा करून 16 ने भागावे आणि 150 ने गुणावे, 10.4 मिलिअँपिअरला बरोबर 60 अंश येतात. थर्मोकपल अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट देतो, पण तो दोन टोकांच्या तापमानातील फरक दाखवतो, थेट तापमान दाखवत नाही. मे महिन्यात सोलापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जोडणीच्या टोकाचे तापमान 42 अंश असेल आणि टाकी 80 अंशांवर असेल, तर व्होल्टेज येते ते फक्त 38 अंशांच्या फरकाचे, म्हणजे सुमारे 1.56 मिलिव्होल्ट. या जोडणीच्या टोकाचे (त्याला थंड टोक म्हणतात) तापमान वेगळे मोजून त्यात मिळवले नाही, तर 80 अंशांची टाकी पडद्यावर 38 अंशांची दिसेल.

आता हीच व्हीआय चालवून पाहिली की अडचण लक्षात येते. थंड टोकाचे तापमान फक्त एका केसला लागते, ट्रान्समीटरची वरची मर्यादा दुसऱ्या केसला, तरीही सर्वांसाठी एकच क्लस्टर असल्यामुळे दोन्ही रकाने तिन्ही सेन्सरांसोबत फिरतात. नोंद ठेवण्यासाठी, बिघाड ओळखण्यासाठी आणि एकक दाखवण्यासाठी तसाच केस स्ट्रक्चर पुन्हा काढावा लागतो. चौथा सेन्सर आला की या प्रत्येक ठिकाणी जाऊन नवी केस घालावी लागते, आणि त्यातील एखादी जागा हमखास राहून जाते. एकच एनम तीन-चार केस स्ट्रक्चरना जोडलेला दिसला, की तेथे क्लास उपयोगी पडेल असे समजावे. एकाच ठिकाणी केस असेल, तर क्लासच्या भानगडीत न पडणेच बरे.

दुसरी पायरी: प्रकल्प, फोल्डर आणि नावे

क्रिएट प्रोजेक्टमधून रिकामा प्रकल्प उघडून तो एका नव्या फोल्डरात जतन करावा. त्याच्या आत प्रत्येक क्लाससाठी स्वतंत्र उपफोल्डर करावा. हे टापटिपीसाठी नाही. पुढे मूळ क्लासमधील मेथडला उपक्लासमध्ये पर्यायी रूप द्यावे लागते, तेव्हा दोन्ही व्हीआयचे नाव अगदी एकच असावे लागते, आणि एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत. पहिल्या दिवशी फोल्डर वेगळे केले नाहीत तर नंतर फाइली हलवण्यात बराच वेळ जातो.

फाइलींची आणि कंट्रोलांची नावे रोमन लिपीत ठेवावीत. लॅबव्ह्यूच्या अनेक आवृत्त्यांत युनिकोडचा आधार अपुरा आहे, त्यामुळे देवनागरी लेबलांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. या लेखात वाचण्याच्या सोयीसाठी नावे मराठीत दिली आहेत. प्रत्यक्षात त्यांना सुटसुटीत रोमन नावे द्यावीत आणि फाइलीचे नाव बदलायचे असल्यास ते प्रोजेक्ट विंडोमधूनच बदलावे. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये नाव बदलल्यास क्लासला आपली व्हीआय सापडत नाही आणि सगळे रन बाण तुटलेले दिसू लागतात.

तिसरी पायरी: मूळ क्लास

प्रोजेक्ट विंडोमध्ये माय कॉम्प्युटरवर उजवी क्लिक करून न्यू आणि मग क्लास निवडावे, आणि नाव द्यावे सेन्सर. क्लासखाली लगेच एक कंट्रोल तयार झालेला दिसतो. हा क्लासचा खासगी डेटा. तो उघडल्यावर आत एक क्लस्टर असतो. त्यात तिन्ही सेन्सरांना समान असलेल्या गोष्टी ठेवाव्यात: टाकीचे नाव म्हणून एक स्ट्रिंग, दुरुस्तीचे अंश म्हणून एक संख्या आणि शेवटचे वाचन म्हणून दुसरी संख्या. थंड टोकाचे तापमान येथे ठेवू नये, कारण ते सर्व सेन्सरांचे नाही.

लॅबव्ह्यूमध्ये हा डेटा नेहमी खासगीच असतो, तो सार्वजनिक करण्याची सोयच नाही. क्लासबाहेरच्या व्हीआयमध्ये या वायरीला अनबंडल बाय नेम जोडले तर वायर तुटते. एवढेच नव्हे, तर उपक्लासलाही मूळ क्लासचा डेटा थेट दिसत नाही. सी++ मधून आलेल्यांना ही कडकपणाची परिसीमा वाटते, पण मोठ्या प्रकल्पात एखादे चुकीचे मूल्य कोठे लिहिले गेले हे शोधताना तिचे मोल कळते, कारण शोध त्या एका क्लासच्या मेथडपुरताच मर्यादित राहतो. बाहेरून जे मूल्य वाचायचे किंवा बदलायचे असेल, त्यासाठी क्लासवर उजवी क्लिक करून व्हीआय फॉर डेटा मेंबर ॲक्सेस हा पर्याय वापरावा; आवश्यक व्हीआय आपोआप तयार होतात. प्रत्येक रकान्यासाठी अशा व्हीआय बनवत सुटू नये. टाकीचे नाव वाचण्यासाठी एक आणि शेवटचे वाचन मिळवण्यासाठी एक, एवढ्यावर आपले भागते.

क्लासच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याच्या वायरीचा रंग आणि नमुना बदलून घ्यावा. चित्रमय भाषेत डोळ्यांनीच वाचायचे असते, त्यामुळे सेन्सरची वायर गर्दीतही ओळखू आली पाहिजे.

या क्लासला कन्स्ट्रक्टर नसतो, हा आणखी एक फरक. ब्लॉक डायग्रामवर क्लासचा स्थिरांक ठेवला की ऑब्जेक्ट अस्तित्वात आलाच, आणि त्यात खासगी क्लस्टरमधील डीफॉल्ट मूल्ये भरलेली असतात. त्यासाठी न्यू लिहावे लागत नाही, काम संपल्यावर तो नष्टही करावा लागत नाही. सुरुवातीची मूल्ये भरण्यासाठी एक साधी व्हीआय लिहिण्याची पद्धत आहे. ती स्टॅटिक डिस्पॅच (म्हणजे जिला उपक्लास पर्यायी रूप देऊ शकत नाही अशा) टेम्प्लेटमधून तयार करावी, तिला 'तयारी' असे नाव द्यावे आणि टाकीचे नाव व दुरुस्तीचे अंश तिच्या इनपुटमधून घेऊन बंडल बाय नेमने भरावेत.

चौथी पायरी: मेथड

आता खरे काम. प्रत्येक सेन्सरला तीन गोष्टी कराव्या लागतात: कच्चे वाचन घेणे, त्याचे अंशांत रूपांतर करणे आणि मग दुरुस्ती मिळवून शेवटचे वाचन नोंदवणे. यांपैकी पहिल्या दोन प्रकारानुसार बदलतात, तिसरी बदलत नाही. म्हणून रचना अशी करावी की बाहेरच्या जगाला 'तापमान वाच' ही एकच सार्वजनिक मेथड दिसेल, ती स्टॅटिक असेल, आणि ती आतून 'कच्चे वाचन' व 'अंशांत रूपांतर' या दोन डायनॅमिक, म्हणजे उपक्लास पर्यायी रूप देऊ शकेल अशा, मेथड बोलावेल. दुरुस्तीची बेरीज आणि नोंद या मेथडमध्ये एकदाच लिहिली जाते, आणि कोणताही उपक्लास ती चुकवू शकत नाही.

या दोन मेथड तयार करताना क्लासवर उजवी क्लिक करून व्हीआय फ्रॉम डायनॅमिक डिस्पॅच टेम्प्लेट निवडावे. तयार झालेल्या व्हीआयमध्ये क्लासचे इनपुट, क्लासचे आउटपुट आणि एररची दोन टर्मिनले आधीच जोडलेली असतात. 'कच्चे वाचन' या मेथडला एक संख्यात्मक आउटपुट जोडावे, तर 'अंशांत रूपांतर' हिला एक संख्यात्मक इनपुट आणि एक आउटपुट जोडावे. दोन्हींचा ॲक्सेस प्रोटेक्टेड ठेवावा, म्हणजे त्या फक्त हा क्लास आणि त्याचे उपक्लास वापरू शकतील.

मूळ क्लासमधील या दोन मेथडच्या आत लिहिण्यासारखे काही नसते, कारण 'केवळ सेन्सर' असा सेन्सर जगात नाही. इतर भाषांत असा क्लास ॲबस्ट्रॅक्ट म्हणून जाहीर करता येतो. लॅबव्ह्यूमध्ये ती सोय नाही. तिच्या सर्वांत जवळचा उपाय क्लासच्या प्रॉपर्टीजमध्ये आयटम सेटिंग्ज येथे आहे. मेथड निवडून, उपक्लासने तिचे स्वतःचे रूप दिलेच पाहिजे, अशी खूण करावी. मग एखाद्या उपक्लासने ते दिले नाही, तर कार्यक्रम चालण्यापूर्वीच तो क्लास तुटलेला दिसतो. शिवाय मूळ मेथडच्या आत एरर वायरीवर एक स्पष्ट एरर टाकून ठेवावी, म्हणजे कोणी चुकून मूळ क्लासचाच स्थिरांक वापरला तर पडद्यावर गुपचूप शून्य अंश दिसणार नाहीत. रंगाच्या टाकीत खोटा आकडा हा बंद पडलेल्या पडद्यापेक्षा अधिक नुकसान करतो.

पाचवी पायरी: उपक्लास

थर्मोकपल, पीटी-100 आणि ट्रान्समीटर असे तीन नवे क्लास, आपापल्या फोल्डरात, तयार करावेत. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये इनहेरिटन्स या पानावर चेंज इनहेरिटन्स दाबून पालक म्हणून सेन्सर निवडावा. थर्मोकपलच्या खासगी डेटात थंड टोकाचे तापमान आणि ट्रान्समीटरच्या डेटात वरची मर्यादा ठेवावी. पहिल्या पायरीत सर्वत्र फिरणारे रकाने आता आपल्या घरी बसले. पीटी-100 च्या डेटात काहीच न ठेवले तरी चालते. या स्वतःच्या रकान्यांत मूल्ये भरण्यासाठी त्या त्या क्लासमध्ये एक छोटी स्टॅटिक व्हीआय लिहावी. ही छोटी व्हीआय 'तयारी'च्या आधी बोलवावी.

त्यानंतर प्रत्येक उपक्लासवर उजवी क्लिक करून व्हीआय फॉर ओव्हरराइड निवडले, की मूळ क्लासमधील डायनॅमिक मेथडची यादी समोर येते. एकेक निवडल्यावर त्याच नावाची, त्याच कनेक्टर पेनची (म्हणजे इनपुट-आउटपुट टर्मिनलांच्या मांडणीची) व्हीआय तयार होते आणि तिच्यात कॉल पॅरेंट मेथड हा नोड आपोआप ठेवलेला असतो. आपल्या बाबतीत पालकाची मेथड एररच देते, म्हणून तो नोड काढून टाकून त्याच्या जागी आपले सूत्र लिहावे. जेथे पालकाचे काम करून वर थोडी भर घालायची असते, तेथे मात्र तो ठेवावा.

रूपांतराच्या तीन व्हीआयमध्ये वर दिलेली तीन सूत्रे लिहावीत. प्रत्येक सेन्सरचा बिघाड ओळखण्याची जागाही हीच. ट्रान्समीटरचा प्रवाह निकोप असताना 4 मिलिअँपिअरखाली फारसा जात नाही, म्हणून तो 3.6 पेक्षा कमी आला तर वायर तुटली आहे असे मानून एरर द्यावी. पीटी-100 ची वायर तुटली तर रोध अवाच्या सवा मोठा दिसतो. कोणत्या सेन्सरचे कोणते लक्षण म्हणजे बिघाड, हे मुख्य कार्यक्रमाला ठाऊक असण्याचे कारणच उरत नाही.

'कच्चे वाचन' मध्ये प्रत्यक्षात हार्डवेअरशी बोलणारा कोड येईल. सरावासाठी मात्र तेथे अपेक्षित मूल्याभोवती थोडी यादृच्छिक चढउतार करणारी संख्या द्यावी: थर्मोकपलसाठी 1.56 मिलिव्होल्टच्या आसपास, पीटी-100 साठी 123.24 ओहमच्या आसपास आणि ट्रान्समीटरसाठी 10.4 मिलिअँपिअरच्या आसपास.

सहावी पायरी: तिन्ही एकत्र चालवणे

नव्या व्हीआयमध्ये तीन उपक्लासांचे स्थिरांक प्रोजेक्ट विंडोमधून ओढून ब्लॉक डायग्रामवर ठेवावेत, प्रत्येक 'तयारी' व्हीआयमधून नेऊन त्याला टाकीचे नाव द्यावे आणि मग बिल्ड ॲरेला जोडावेत. 'तयारी'च्या टर्मिनलवर एक छोटा ठिपका दिसेल. संख्यांच्या बाबतीत हा ठिपका रूपांतर झाल्याचे सांगतो, येथे मात्र ऑब्जेक्टचे काहीही बदललेले नसते. उपक्लासची वायर पालकाच्या टर्मिनलला जोडली आहे एवढाच त्याचा अर्थ. बाहेर येणारी वायर सेन्सर क्लासच्या ॲरेची आहे, पण तिच्यातून वाहणारे ऑब्जेक्ट अजूनही थर्मोकपल, पीटी-100 आणि ट्रान्समीटर हेच आहेत.

हा ॲरे व्हाइल लूपच्या शिफ्ट रजिस्टरला जोडावा. आत फॉर लूप घेऊन ऑटो-इंडेक्सिंगने एकेक सेन्सर 'तापमान वाच' ला द्यावा, तिच्यातून बाहेर आलेली सेन्सरची वायर पुन्हा ऑटो-इंडेक्सिंगने ॲरेत गोळा करावी आणि तो ॲरे शिफ्ट रजिस्टरच्या उजव्या टोकाला जोडावा. दर फेरीत 1000 मिलिसेकंदांचा विराम ठेवावा. कार्यक्रम चालू केला की तीन तापमाने दिसतात, आणि ब्लॉक डायग्रामवर केस स्ट्रक्चर एकही नसतो. कोणती 'कच्चे वाचन' व्हीआय चालवायची, हे त्या क्षणी वायरीवर कोणता ऑब्जेक्ट आला आहे ते पाहून लॅबव्ह्यू स्वतः ठरवते.

'तापमान वाच' मधील डायनॅमिक मेथडवर डबल क्लिक केल्यास कोणती व्हीआय उघडायची ते विचारणारी यादी येते. नवशिक्याला ही यादी गोंधळात टाकते. वास्तविक या मेथडची किती रूपे आहेत हे एका नजरेत पाहण्याची ती सर्वांत सोयीची जागा आहे.

वायरीवरचा ऑब्जेक्ट ही मूळ प्रत नव्हे, मूल्य आहे

लेखाच्या सुरुवातीला ज्या फरकाचा उल्लेख केला, तो हा. जावामध्ये चलात ऑब्जेक्टचा पत्ता असतो. एकाच ऑब्जेक्टला दोन चलांतून हात लावला तर बदल दोघांनाही दिसतो. लॅबव्ह्यूमध्ये वायरीवरून ऑब्जेक्टचे मूल्यच वाहते, जसा आकडा किंवा क्लस्टर वाहतो. वायरीला फाटा फोडला की त्या ऑब्जेक्टची जणू झेरॉक्स निघते, आणि एका प्रतीवर खाडाखोड केल्याने दुसरी बदलत नाही.

याचा पहिला परिणाम लगेच करून पाहता येतो. 'तापमान वाच' मधून बाहेर येणारी सेन्सरची वायर फॉर लूपच्या बाहेर न नेता तशीच सोडून द्यावी आणि शिफ्ट रजिस्टरला लूपपूर्वीचा ॲरे जोडावा. तापमान पडद्यावर बरोबर दिसत राहील, पण 'शेवटचे वाचन' कायम शून्यच राहील, कारण नोंद ज्या प्रतीत झाली ती पुढे कोठे गेलीच नाही. एररही येत नाही, बाणही तुटत नाही, म्हणून हा दोष शोधणे त्रासाचे असते. ज्या मेथडने ऑब्जेक्टमध्ये काही बदल केला, तिची आउटपुट वायर पुढे न्यायचीच, हा नियम हाताला लागेपर्यंत मुद्दाम पाळावा.

दुसरा परिणाम फायद्याचा आहे. दोन लूप समांतर चालत असले तरी एकाने दुसऱ्याच्या ऑब्जेक्टमध्ये ढवळाढवळ करण्याचा प्रश्न येत नाही. डेटाफ्लो भाषेत, म्हणजे डेटा पोचताच काम सुरू होणाऱ्या भाषेत, समांतर काम आपोआप घडते, आणि क्लासची रचना मूल्यांवर आधारलेली असल्यामुळेच ते सुरक्षित राहते.

कधीकधी मात्र खरोखरच एक वस्तू दोन ठिकाणी सामायिक हवी असते, उदाहरणार्थ एका लूपने वाचायचे आणि दुसऱ्या लूपने त्याच सेन्सरच्या दुरुस्तीचे अंश बदलायचे. त्यासाठी 2009 च्या आवृत्तीपासून डेटा व्हॅल्यू रेफरन्स ही सोय आहे. ऑब्जेक्टचा रेफरन्स तयार करून तो दोन्ही लूपना द्यावा आणि आत शिरताना इन प्लेस एलिमेंट स्ट्रक्चर वापरावा. एक लूप आत असेपर्यंत दुसरा थांबून राहतो. ही सोय समजली की सर्व ऑब्जेक्ट रेफरन्सनेच फिरवण्याचा मोह होतो, विशेषतः जावाची सवय असलेल्यांना. तो आवरावा. गरज नसताना रेफरन्स वापरला तर लूप एकमेकांची वाट पाहत बसतात आणि चित्रमय भाषेचा मोठा लाभ हातचा जातो.

बाण तुटला तर

डायनॅमिक मेथडमध्ये सर्वाधिक आढळणारी तक्रार अशी की सर्व वायरी जोडलेल्या दिसतात, तरी रन बाण तुटलेला राहतो. बहुतेक वेळा कारण आउटपुट टर्मिनलपाशी असते. डायनॅमिक इनपुटमधून आलेला ऑब्जेक्टच डायनॅमिक आउटपुटपर्यंत पोचला पाहिजे, त्याचा प्रकार वाटेत हरवता कामा नये, अशी लॅबव्ह्यूची अट आहे. केस स्ट्रक्चरच्या एखाद्या केसमध्ये वायर जोडायची राहिली आणि टनेलवर 'न जोडल्यास डीफॉल्ट वापरा' असा पर्याय ठेवला, की ही अट मोडते, कारण त्या केसमधून पालकाचा रिकामा ऑब्जेक्ट बाहेर येऊ शकतो. प्रत्येक केसमधून वायर आरपार नेली की प्रश्न सुटतो. वायर अटळपणे अशा ठिकाणाहून जात असेल जेथे प्रकाराची हमी उरत नाही, तर प्रिझर्व्ह रन-टाइम क्लास हा नोड वापरावा.

दुसरे कारण म्हणजे मूळ मेथड आणि तिच्या पर्यायी रूपांतील विसंगती. कनेक्टर पेनचा नमुना, टर्मिनलांच्या जागा, डेटाचे प्रकार, ॲक्सेस आणि रीएंट्रन्सीची (एकच व्हीआय एकाच वेळी अनेक ठिकाणी चालू देण्याची) सेटिंग, हे सर्व दोन्हीकडे तंतोतंत जुळावे लागते. मूळ मेथडला मागाहून एक टर्मिनल वाढवले तर प्रत्येक उपक्लासमध्ये जाऊन ते वाढवावे लागते, म्हणून कनेक्टर पेन आधी विचार करून ठरवावे आणि त्यावर एक-दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात. खासगी डेटाचा क्लस्टर उघडूनही बदलता येत नसेल, तर त्या क्लासची एखादी व्हीआय कोठेतरी चालू आहे असे समजावे. ती थांबवली की कुलूप निघते.

चौथा सेन्सर, अचूक सूत्र आणि पुढचे

रचना नीट जमली का, हे पाहण्यासाठी दोन बदल करून पाहावेत. पीटी-100 चे आपले सूत्र सरळ रेषेचे आहे. 60 अंशांना रोध 123.24 ओहम असतो आणि आपले सूत्र त्याचे सुमारे 60.4 अंश करते. वर्गसमीकरण वापरून ही चूक दूर करता येते. पीटी-100 क्लासमधील 'अंशांत रूपांतर' एवढी एकच व्हीआय बदलून, मुख्य व्हीआय न उघडता, हे साधले पाहिजे. तसेच हाताने मोजलेले तापमान टंकित करण्यासाठी 'हस्तनोंद' नावाचा चौथा उपक्लास जोडून पाहावा. मुख्य व्हीआयमध्ये बिल्ड ॲरेला एक वायर वाढवण्यापलीकडे काही करावे लागले, तर प्रकारानुसार बदलणारे एखादे काम अजून क्लासबाहेर राहिले आहे.

इंटरफेसकडे यानंतर वळावे. इंटरफेसमध्ये खासगी डेटा नसतो आणि एका क्लासला अनेक इंटरफेस घेता येतात. टाकीचे सेन्सर, बॉयलरचा दाबमापक आणि पाण्याचा पंप या तिघांनाही धोक्याची सूचना देता आली पाहिजे, अशी वेळ आली की तिघांचा ओढूनताणून एक पालक करण्यापेक्षा 'सूचना देणारा' असा इंटरफेस करणे चांगले. त्यासाठी 2020 किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. महाविद्यालयात जुनी आवृत्ती असेल तर घरी नव्या आवृत्तीत जतन केलेल्या फाइली तेथे उघडणार नाहीत. त्यासाठी सेव्ह फॉर प्रीव्हियस व्हर्जनने प्रत काढून न्यावी, आणि अशा वेळी इंटरफेसचा मोह टाळावा.

सेन्सरांची यादी कोडमध्ये न ठेवता एखाद्या सेटिंग फाइलमधून वाचायची असल्यास, क्लासच्या फाइलीचा पत्ता देऊन गेट एलव्ही क्लास डीफॉल्ट व्हॅल्यू या व्हीआयने ऑब्जेक्ट मिळवता येतो. असा क्लास ब्लॉक डायग्रामवर कोठेच दिसत नसल्यामुळे एक्झिक्युटेबल फाइल तयार करताना लॅबव्ह्यू त्याला आपणहून सोबत घेत नाही. बिल्ड स्पेसिफिकेशनमध्ये सोर्स फाइल्स या पानावर जाऊन थर्मोकपल, पीटी-100, ट्रान्समीटर आणि हस्तनोंद हे चारही क्लास ऑलवेज इन्क्लुडेड या यादीत हाताने घालावे लागतात. नाहीतर आपल्या संगणकावर व्यवस्थित चालणारा कार्यक्रम कारखान्यातील संगणकावर फाइल सापडत नाही अशी एरर देऊन थांबतो.